बेटावर घर बघायला

लेकीने मुलगा पसंत केल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा मी फर्स्ट शिफ्ट करून नुकताच घरी आलो होतो आणि चहात खारी बुडवत होतो. खारी कपातच राहिली. मुलगा काय करतो, असं मी विचारलं. "त्याची डोंगी आहे, पप्पा," ती म्हणाली. डोंगी म्हणजे इंजिन बसवलेली लाकडी होडी, हेही तिनेच समजावून सांगितलं. मी म्हणालो, "ते झालं. नोकरी काय करतो?" ती म्हणाली, "तेच."

आमची ही एकुलती एक. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, चाकणच्या एका कंपनीत काही दिवस पॅनेलच्या वायरी जोडल्या आणि मग सोलरचं काम करणाऱ्यांकडून सहा महिन्यांसाठी म्हणून अंदमानात गेली. त्या सहा महिन्यांची आता तीन वर्षं झाली होती. पोर्ट ब्लेअरहून दिवसभर जहाजाने जायचं, तिथून पुढे डोंगीने, तेव्हा कुठे तिचं बेट लागतं. बेटावर रस्ता नाही की गाडी नाही. आजूबाजूला आणखी बेटं आहेत, पण त्यांच्यावर नुसतं जंगल, माणूस औषधाला नाही. अशा ठिकाणी हिने दिवे लावले इथपर्यंत ठीक होतं. आता ही तिथे संसार मांडायचा म्हणत होती.

मला राग आला की मी घरातले नळ तपासतो. त्या संध्याकाळी मी सगळ्या नळांचे वॉशर बदलले, जे गळत नव्हते त्यांचेसुद्धा. बायको म्हणाली, "अहो, आता टाकीवर चढू नका."

जेवायला बसल्यावर मात्र मला तोडगा सुचला. मी चाकणला गाड्यांच्या सीट बनवणाऱ्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. आजवर भाचे, पुतणे, शेजाऱ्यांची पोरं, भाडेकरूंचे मेहुणे असे कितीतरी जण मी कंपनीत चिकटवले. आमच्या भागात पोरगं उनाडक्या करत असेल तर त्याला कंपनीत चिकटवतात आणि कविता करत असेल तरी कंपनीतच चिकटवतात. मग होडी चालवणाऱ्याचं वेगळं काय करायचं? दुसऱ्याच दिवशी मी आमच्या स्टोअरमधली एक जागा बोलून ठेवली. पोरगा चाकणला येणार, सकाळी कंपनीची बस त्याला उचलणार आणि लेक पुन्हा आमच्यापासून एका बसच्या अंतरावर राहणार. मला तेवढंच हवं होतं. मुलगा कोण, कुठला, कुठली भाषा बोलतो, हे सगळं मी गिळायला तयार होतो. लेक लांब राहायला नको होती.

हा बेत मी बायकोला सांगितला. तिने माझ्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाली, "बघा तुमचं." आमच्या घरात 'बघा तुमचं' हा होकार असतो की नकार, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला कळलेलं नाही.

आता राहिला मामा. हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. लेकीचा मामा म्हणून घरात आम्ही सगळेच त्याला मामा म्हणतो. राहणारा कुरुळीचा. जमीन कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर कामगारांसाठी खोल्या बांधल्या, गळ्यात तुळशीची माळ, आणि भावकीतलं एकही लग्न याने घर बघितल्याशिवाय ठरलेलं नाही. घर बघायची त्याची रीत ठरलेली आहे. आधी गावात शिरताना चहाच्या टपरीवर, न्हाव्याकडे आणि किराणा दुकानात थांबून मुलाची गुपचूप चौकशी करायची. मग घरात जाऊन पाण्याची टाकी, संडास, गोठा आणि सगळ्यात शेवटी सासूचा चेहरा बघायचा. आणि घर पसंत पडेपर्यंत तिथलं अन्न-पाणी घ्यायचं नाही. "एकदा जेवलं की होकार झाला. मंग त्येंच्या मिठाला जागावं लागतं," असं त्याचं म्हणणं. या नियमापायी एका स्थळाच्या घरी तो भर मे महिन्यात सबंध दुपार कोरड्या घशाने बसला होता.

"मामा, हे घर समुद्रात आहे," मी म्हणालो.

"समुद्रात आसंल न्हाईतर चंद्रावर आसंल," मामा म्हणाला, "घर बघितल्याबिगर आमी पोरगी देत न्हाई, दाजी."

एरवी घर बघायला दोन जीप भरून माणसं जातात. यावेळी विमानाचं नाव ऐकल्यावर भावकीला एकदम कांद्याच्या लागवडी आठवल्या. डिसेंबरअखेरीला आमच्या कंपनीचा शटडाऊन असतो, तेव्हा मी, बायको आणि मामा असे तिघेच निघालो. मामाने बहिणीकडून पिशवीभर धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी करून घेतली होती, आणि कुरुळीच्या विहिरीचं पाणी एका कॅनमध्ये भरून घेतलं होतं. तो कॅन विमानतळावरच तपासणीच्या पोरीने काढून घेतला. मामाने त्या पोरीला बराच वेळ समजावलं की हे पाणी सोयरिकीसाठी आहे. ती हसली, पण कॅन काही दिला नाही.

पोर्ट ब्लेअरला पोचलो तर दुसऱ्या दिवशीचं जहाज रद्द झालं होतं. का, ते कुणी सांगितलं नाही आणि आमच्याशिवाय कुणी विचारलंही नाही. एक दिवस तिथे बसून काढला. हवा अशी दमट की टॉवेल वाळेना. जहाजावर चढल्यावर मामाने पिशवी उघडली, तेव्हा धपाट्यांवर हिरवट बुरशी आली होती. त्याने एकेक धपाटा उलटापालटा करून बघितला आणि सगळे माशांना टाकले. चटणी तेवढी शाबूत होती. जहाजावरचं जेवण त्याच मुलखातलं, म्हणून मामा त्याला शिवेना. नुसती चटणी किती खाणार?

जहाज म्हणजे सरकारी मोठी बोट, तिच्यावर माणसं, कोंबड्या, पत्रे, गॅसच्या टाक्या आणि एक शिलाई मशीन. टपरी नाही, न्हावी नाही, म्हणून मामाने चौकशी इथेच सुरू केली. एका म्हाताऱ्या माणसाशेजारी जाऊन बसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "उधर वो एक डोंगीवाला लडका हाय ना, वो दारू-बिरू पिता हाय क्या?"

म्हातारा म्हणाला, "कौन सा डोंगीवाला? उधर तो सब डोंगीवाला है."

मामाने खाणाखुणा सांगितल्या. सोलरवाल्या मॅडमचा, असं म्हणताच म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. त्याने तिथूनच पलीकडच्या बाईला हाक मारली, की मॅडमच्या घरचे आलेत, मुलाबद्दल विचारतायत. मग काय, अर्धं जहाज आमच्याभोवती. एका बाईने मुलगा चांगला आहे म्हणून सांगितलं, ती त्याची मावशी निघाली. दुसऱ्याने फार चांगला आहे म्हणून सांगितलं, तो त्याचा चुलतभाऊ. एकट्या म्हाताऱ्याने खोड काढली, की पोरगा दुपारी फार झोपतो. मावशी त्याच्यावर खवळली: पहाटे जाळी ओढून आलेला माणूस दुपारी झोपणार नाही तर काय नाचणार? मामा माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दाजी, ह्या मुलखात गुपचूप काय ऱ्हातच न्हाई." त्याची पंचाईत झाली होती, आणि मला हसू आवरत नव्हतं.

मग बेटं दिसायला लागली. एकामागून एक, लहान-मोठी, आणि प्रत्येकावर रान थेट पाण्यापर्यंत उतरलेलं. शेवटच्या झाडांच्या फांद्या समुद्रात भिजत होत्या. कुठे धूर नाही, घर नाही. नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंत मी रोज पाट्या वाचत जातो, खोली भाड्याने मिळेल, हेल्पर पाहिजेत, प्लॉट विकणे आहे. इथे नजर जाईल तिथवर एक पाटी नव्हती. सुरुवातीला मला ते बरं वाटलं नाही. कुणाच्या मालकीचं आहे हेच कळत नसेल, तर माणसाने कुठे उभं राहायचं? पण तासाभराने लक्षात आलं की मी बराच वेळ कठड्याला धरून नुसता बघत उभा आहे आणि कमरेचं दुखणं विसरलो आहे. पांढऱ्या पोटाचे मोठे गरुड वर फिरत होते. दोन बेटांच्या मधल्या पट्ट्यात पाण्यावर काहीतरी सरकताना दिसलं. ती हरणं होती, तीन-चार, नुसती डोकी वर काढून या बेटावरून त्या बेटावर पोहत चाललेली. मामाने टोपी काढली आणि हात जोडले. हरणांना कशाला हात जोडले, हे मी विचारलं नाही, कारण मलाही जोडावेसे वाटले होते.

धक्क्यावर लेक उभी होती. काळवंडली होती, केस कापले होते, आणि आईच्या गळ्यात पडली ती सोडेचना. तिच्या मागे तो पोरगा. अंगाने किडकिडीत, अनवाणी, धुतलेला शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून घातलेला. तो आम्हा तिघांच्या पाया पडला आणि लेकीने पढवलेलं एकुलतं एक मराठी वाक्य म्हणाला, "जेवलात का?"

मामाच्या पोटात सकाळपासून नुसती चटणी होती. तो म्हणाला, "न्हाई रं बाबा."

पुढचा प्रवास त्या पोराच्या डोंगीतून. जहाजावर मामा वाघ होता, डोंगीत त्याची शेळी झाली. लाट आली की तो "पांडुरंगा" म्हणे आणि लाट गेली की ओकारी काढे, आणि पोटात काही नसल्याने नुसताच कळवळे. पोरगा मागे उभा राहून पायाने सुकाणू दाबत होता. मी त्याच्यात खोट शोधत होतो. लाइनवर नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी मी असाच बघतो: हातापायांची घाई आहे का, बोलतो किती, लक्ष कुठे आहे. त्याची घाई नव्हती, बोलत नव्हता, आणि लक्ष पाण्यावर होतं. एका खाडीच्या तोंडाशी त्याने इंजिन हळू केलं आणि बोट दाखवलं. झाडांची मुळं गुडघे वर काढून चिखलात उभी होती आणि त्यांच्यामध्ये एक ओंडका पडला होता. ओंडक्याने तोंड उघडलं. बायकोने माझा दंड असा पकडला की दोन दिवस वळ राहिला.

"ती रोज इथेच असते," लेक म्हणाली. आपल्या सोसायटीतल्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं.

घर लाकडी होतं, खांबांवर उचललेलं, वर पत्रा. मागे डोंगरातून पाइपाने आणलेलं झऱ्याचं पाणी, पुढे नारळ, आणि आवारात कोंबड्या. पोराची आई दारात उभी होती. त्यांचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला इथे आले, ते इथलेच झाले. नवरा आजाराने गेलेला, मोठी मुलगी लग्न होऊन पोर्ट ब्लेअरला, घरात ही आणि हा मुलगा. बाईंनी स्टीलच्या तांब्यातून पाणी पुढे केलं. मी मामाकडे पाहिलं. मामाने तांब्याकडे पाहिलं. त्याच्या गळ्यातली गाठ वर-खाली झाली आणि तो म्हणाला, "आदी घर बघू."

लेकीने बाईंना सगळं आधीच सांगून ठेवलं असणार, कारण त्यांनी आग्रह केला नाही. फक्त चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं. मामा माळकरी म्हणून त्यांनी त्या दिवशी घरात मासा आणला नव्हता. फणसाची भाजी होती, नारळाच्या दुधातला भोपळा होता, डाळ होती, आणि वाफाळता भात. मामा पाण्याची टाकी बघून आला. संडास बघून आला. गोठा नव्हता, म्हणून कोंबड्यांचं खुराडं बघून आला. प्रत्येक वेळी चुलीजवळून गेला आणि प्रत्येक वेळी थोडा जास्त वेळ थांबला. शेवटी दाराच्या चौकटीला टेकून त्याने द्रोणात चार घास घेतले.

"मामा!" मी म्हणालो.

"बसलो न्हाई म्या," मामा घास गिळत म्हणाला. "पाटावर बसून खाल्लं तर जेवण. उभ्यानं खाल्लं ती चव बघणं. चव बघायला आपल्यात मनाई न्हाई."

त्याने उभ्याने तीनदा भात घेतला. बाई वाढत होत्या आणि पदराआड हसत होत्या. आम्ही दोघं नवरा-बायको सरळ बसून जेवलो, कारण आमचं सगळं मामावर सोपवलेलं होतं आणि आम्हाला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीला शेजारच्या एका निर्मनुष्य बेटावर जायचं होतं. तिथल्या टोकाला कोळ्यांसाठी लावलेला सोलरचा दिवा बंद पडला होता. मामाने डोंगीला दुरूनच नमस्कार केला, बायको बाईंबरोबर राहिली, मी गेलो. किनारा पांढरा, पाऊलखूण नसलेला. पण वाळूवरून वर झाडांकडे रुंद चाकोऱ्या गेलेल्या होत्या. मी विचारलं, "इथे ट्रॅक्टर कसा आला?" पोरगा पहिल्यांदा मोकळं हसला. त्या समुद्री कासवाच्या खुणा होत्या. रात्री अंडी घालून परत गेलेलं. त्याने काठीने दाखवलं, इथून आलं, इथे खणलं, इथून गेलं. आणि त्या जागेवरून आम्हाला लांबून वळसा घालून नेलं.

लेक खांबावर चढली. खाली मी आणि तो. मला वाटलं हीच वेळ. मी माझ्या चाकणी हिंदीत त्याला सगळं सांगितलं. स्टोअरची नोकरी, कंपनीची बस, कॅन्टीन, बूट-युनिफॉर्म, पुढे पर्मनंट व्हायची शक्यता. त्याने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग विचारलं, "अंकल, वहाँ से समंदर कितना दूर है?"

मी म्हणालो, घाट उतरून जावं लागतं, चार-पाच तास.

"और नदी?"

नदी आहे, मी म्हणालो, इंद्रायणी. मग तिच्यावरचा फेस मला आठवला आणि मी जास्त खोलात गेलो नाही.

वर खांबावरून लेकीने पाना मागितला, तो त्याने दोरीला बांधून दिला. मग म्हणाला, "आ जाऊँगा, अंकल. वो इधर तीन साल रह गई. मैं उधर रह लूँगा."

इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. सकाळपासून बंद पडलेली लाइन एकदम चालू व्हावी तसा मला आनंद झाला. परत येताना मगरीलासुद्धा मी हात केला. लेकीला वाटेत काही बोललो नाही, म्हटलं, सगळ्यांसमोरच सांगू.

संध्याकाळी बाई पडवीत सुपात तांदूळ घेऊन निवडत बसल्या होत्या. बायको त्यांच्यासमोर, मामा खांबाला टेकून, पोरगा जाळं विणत. मी घसा साफ केला आणि सांगून टाकलं, की मुलगा चाकणला यायला तयार आहे आणि नोकरी तयार आहे, आता आमच्याकडून काही अडचण नाही.

लेकीने पोराकडे पाहिलं. त्याने जाळ्याकडे पाहिलं. बाईंनी सूप खाली ठेवलं नाही, त्यांची बोटं चालूच राहिली. त्यांनी विचारलं, कामाला सकाळी किती वाजता जावं लागतं? मी म्हणालो, फर्स्ट शिफ्टची बस साडेपाचला येते. म्हणजे डबा चारला करावा लागेल, त्या म्हणाल्या, आणि मान हलवली. मग विचारलं, "ठंड पड़ती है उधर?"

"पडती है ना," मी म्हणालो. "इन दिनों में तो बहुत."

"इसने कभी स्वेटर नहीं पहना," असं म्हणून त्या हसल्या. आणि पोराला म्हणाल्या, जा बाबा, चांगलं आहे, नोकरी चांगली आहे, माझं काय, कोंबड्या आहेत, शेजार आहे. हे सगळं त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं. फक्त सुपातले खडे उचलून बाहेर टाकायचे, ते त्या आता तांदळासकट टाकत होत्या. कोंबड्या धावत आल्या.

लेक माझ्याशी भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली असती तर मी जिंकलो असतो, कारण भांडणात मी कुणाला ऐकत नाही. ती उठली, बाईंच्या शेजारी जाऊन मांडी घालून बसली आणि त्याच सुपात हात घालून तांदूळ निवडायला लागली. आमच्या चिंचवडच्या घरात तिने कधी तांदूळ निवडल्याचं मला आठवत नाही. मला त्या बाईचा हेवा वाटला, खरं सांगतो. आणि त्याच वेळी हेही दिसलं की ही बाई आणि मी एकच गोष्ट मागतोय, पोर जवळ असावं म्हणून. फरक एवढाच की मी मागत होतो, आणि ती मागत नव्हती.

मी म्हणालो, "पण एक सांगायचं राहिलं. कंपनीतून फोन आला होता. ती जागा भरली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको म्हणाली, "कधी आला हो? लेकीचं सरकारी कार्ड तेवढं चालतं इथे, तुमच्या फोनला आल्यापासून एक काडी नाही रेंजची."

या बाईने आजवर मला कधी खोटं पचू दिलेलं नाही. तेवढ्यात खांबाजवळून आवाज आला.

"आला व्हता फोन," मामा म्हणाला. "म्या ऐकला." गळ्यात माळ असलेला माणूस, आयुष्यात कधी खोटं बोलला नसेल, तो माझ्याकडे न बघता पुढे बोलत गेला. "जागा भरली म्हनले. दुसरीकडं बी न्हाई म्हनले. सगळ्या चाकनात कुटंच जागा न्हाई म्हनले." इतकं जास्त बोलायची गरज नव्हती, पण पहिल्यांदाच करत असल्याने त्याला प्रमाण कळलं नाही.

लेक आधी हसली आणि मग रडली. मी उठून नळ बघायला गेलो. झऱ्याच्या पाइपाला नळच नव्हता, पाणी आपलं धो-धो वाहत होतं, तरी मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा मामा चटईवर व्यवस्थित मांडी घालून बसला होता, टोपी सरळ केली होती, आणि लेकीच्या मार्फत बाईंना सांगत होता की घर पसंत आहे, साखर आणा, आणि भोपळा उरला असेल तर तोही आणा. साखरेचा डबा आला. बाईंनी पहिली चिमूट माझ्या बायकोच्या तोंडात घातली. बायको मला म्हणाली, "बघितलंत ना तुमचं?" आणि यावेळी तो होकार होता हे मला कळलं.

लग्न पोर्ट ब्लेअरला साधंच करायचं ठरलं, मामाने लेकीला हाताला धरून आणायचं हेही ठरलं. हे सगळं मी खुशीने मान्य केलं, असं म्हणणार नाही. अजूनही चिंचवडला संध्याकाळी कुणाची मुलगी माहेरी भाजीचा डबा घेऊन येताना दिसली की मी रस्ता बदलतो. पण त्या दिवशी मनावर ओझं नव्हतं, एवढं नक्की.

निघायच्या सकाळी बेटावरच्या धक्क्यावर सगळं गाव आलं होतं, जहाजावरची मावशी आणि खोड काढणारा म्हातारासुद्धा. पोरगा आम्हाला जहाजापर्यंत सोडणार होता. लेक धक्क्यावरच थांबली, तिला कामावर जायचं होतं. डोंगी सुटली आणि मधलं पाणी वाढत गेलं. आपल्याकडे लेक गाडीत बसून जाते आणि आई-बाप दारात उभे राहतात. इथे आम्ही चाललो होतो आणि ती उभी होती, शेजारी तिची सासू. बायको डोळे पुसत होती. मामा पांडुरंगाचा धावा करत होता, तो लाटांमुळे की आणखी कशाने, सांगता येत नाही. मी मात्र बरा होतो. मी हातसुद्धा केला.

तेवढ्यात लेकीने तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली, "पप्पा, सावकाश जा! घरी पोचलात की फोन करा!"

पाहुणे निघाले की घरातलं माणूस असंच म्हणतं. मीही तेच म्हणतो, आमच्या दारात उभा राहून, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना. मला उत्तर ओरडायचं होतं, पण मी खाली वाकून इंजिनाची नळी तपासायला लागलो. माझ्याऐवजी मामाच ओरडला, "करतो गं! तू जा आता घरी!"